बंदुकीला साक्षीदार हवाच

पोलिसी कारवाई चालू असताना कॅमेरे दूर ठेवावेत, हे मत आता महाराष्ट्रात जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या हल्ल्याच्या वेळी वृत्तवाहिन्यांनी जो बेताल बाजार मांडला, त्यातून हे मत रुजले. आणि त्या प्रसंगापुरते ते रास्तही होते. परंतु रास्त नियमसुद्धा सत्तेच्या हाती गेला की त्याच्या मर्यादा हळूहळू पुसल्या जातात. ओलिसांचे प्राण वाचावेत म्हणून ओढलेला पडदा उद्या हक्काचे पाणी मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळ्या झाडताना ओढला जाणार नाही, अशी हमी कोणीही दिलेली नाही.

ही भीती हवेतली नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, मावळ तालुक्यातील बऊर गावाजवळ, पोलिसांच्या गोळीबारात एक स्त्री व दोन पुरुष असे तीन आंदोलक मृत्युमुखी पडले. त्या दिवशी तेथे कॅमेरे नसते, तर जमाव हिंसक झाला व नाइलाजाने गोळीबार करावा लागला, या ठरीव सरकारी निवेदनापलीकडे महाराष्ट्राच्या हाती काही लागले नसते. कॅमेरे होते, म्हणूनच गोळ्या झाडणारे पोलीस घरोघरी दिसले; उभ्या वाहनांच्या काचा फोडणारे गणवेशातले हातही दिसले. मुंबईत कॅमेऱ्याने ओलिसांचे नुकसान केले असेल, तर बऊरला त्याच कॅमेऱ्याने मृतांच्या बाजूने साक्ष दिली. या दोन प्रसंगांना एकच नियम लावणे म्हणजे शल्यचिकित्सकाच्या आणि खाटकाच्या सुरीला एकच परवाना देणे होय.

मुंबईचा धडा आणि त्याची मर्यादा

मुंबईत जे झाले ते प्रथम निःपक्षपातीपणे मांडले पाहिजे. ताजमहाल हॉटेल, ओबेरॉय-ट्रायडेंट आणि नरिमन हाऊस या तीन ठिकाणी अतिरेकी आत आणि कॅमेरे बाहेर, असा प्रकार जवळजवळ साठ तास चालला होता. २८ नोव्हेंबरच्या सकाळी नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून दोराने उतरणारे राष्ट्रीय सुरक्षा दलाचे जवान साऱ्या जगाने पाहिले. जगाबरोबर ते पाकिस्तानात बसून दूरध्वनीवरून हल्लेखोरांना सूचना देणाऱ्या सूत्रधारांनीही पाहिले. कारवाई संपली तेव्हा आतल्या ओलिसांपैकी कोणीही जिवंत हाती लागले नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आफताब आलम व न्या. चंद्रमौळी कुमार प्रसाद यांच्या खंडपीठाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी कसाबच्या अपिलाचा निकाल देताना या प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. हल्लेखोर सुरक्षा दलांच्या दृष्टीआड होते, पण सुरक्षा दलांची प्रत्येक हालचाल मात्र सीमेपलीकडून पाहिली जात होती, ही विपरीत स्थिती वाहिन्यांनी निर्माण केली, असे न्यायालयाने म्हटले. वाहिन्यांनी राष्ट्रहित नव्हे तर स्वतःचे व्यापारी हित साधले आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाखाली त्याचे समर्थन होऊ शकत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

‘व्यापारी हित’ हे शब्द न्यायालयाने वापरले याचे महत्त्व समाजवादी कार्यकर्त्याला वेगळे सांगावयास नको. खाजगी वृत्तवाहिनीचे उत्पन्न जाहिरातींवर चालते आणि जाहिरातीचा दर प्रेक्षकसंख्येवर ठरतो. ओलीसनाट्याइतका प्रेक्षक दुसऱ्या कोणत्याही बातमीला लाभत नाही. म्हणजे थेट प्रक्षेपणाचा लाभ वाहिनीच्या मालकाला मिळतो आणि त्याची किंमत मात्र आत बांधून ठेवलेल्या माणसाने, क्वचित आपल्या प्राणांनी, मोजायची असते. कारखानदाराने नफा खिशात घालावा आणि धूर गावाने गिळावा, त्याचाच हा प्रकार. अशा ठिकाणी मालकांच्या सदसद्विवेकबुद्धीवर विसंबून भागत नाही, नियमन लागतेच. एका वाहिनीने कॅमेरा मागे घेतला तर तिचा प्रेक्षक शेजारच्या वाहिनीकडे जातो. म्हणून स्वयंशिस्तीच्या आणाभाका स्पर्धेच्या पहिल्या तासातच विरून जातात.

परदेशांतही हेच घडले आहे. ५ सप्टेंबर १९७२ रोजी म्यूनिक ऑलिंपिकच्या क्रीडाग्रामात इस्रायली खेळाडूंना ओलीस धरले गेले. खेळाडूंच्या वेषात छपरावर चढलेले जर्मन पोलीस दूरचित्रवाणीवर दिसू लागले. ते चित्र आतल्या अतिरेक्यांच्या खोलीतही पोचत होते, आणि ती योजना सोडून द्यावी लागली. अखेर अकरा इस्रायली खेळाडू व प्रशिक्षक मारले गेले. २३ ऑगस्ट २०१० रोजी मनिला शहरात, नोकरीतून काढलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याने हाँगकाँगच्या पर्यटकांची बस ताब्यात घेतली. बसमध्ये दूरचित्रवाणी संच होता. बाहेर आपल्या भावाला पोलीस ओढून नेत आहेत, हे त्याने बसल्या जागी पाहिले आणि तो बिथरला. आठ पर्यटक मेले. तेव्हा ओलिसांच्या प्रसंगी पोलिसांच्या हालचालींचे थेट प्रक्षेपण होऊ नये, हे तत्त्व निर्विवाद आहे. मार्च २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणी नियमांत दुरुस्ती करून दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणास मनाई झाली आणि नियुक्त अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरतेच वार्तांकन मर्यादित केले गेले. एवढ्यापुरता विरोध करण्याचे कारण नाही.

परंतु मुंबईच्या अपयशाचे सारे खापर कॅमेऱ्यावर फोडून राज्यसंस्था नामानिराळी राहू पाहते, तेथे मात्र हरकत घेतलीच पाहिजे. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे जवान हरियाणातील मानेसरला आणि त्यांना नेणारे विमान चंदीगडला, ही व्यवस्था कोणत्या वाहिनीने केली होती? रात्री साडेनऊच्या सुमारास सुरू झालेल्या हल्ल्यानंतर हे जवान मुंबईत उतरले ते दुसऱ्या दिवशी पहाटे. कारवाईच्या जागेभोवती कडे करून बघ्यांना आणि कॅमेऱ्यांना मागे सारणे हे पोलिसांचे प्राथमिक काम. ते झाले नाही. एकच अधिकारी नेमून ठरावीक वेळी माहिती देणे हे शासनाचे काम. तेही झाले नाही. माहितीची पोकळी निर्माण झाली आणि ती वाहिन्यांनी अफवांनी भरली. राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने तत्कालीन पोलीस आयुक्तांच्या नेतृत्वातील उणिवांवर बोट ठेवले होते. थेट प्रक्षेपणामुळे सुरक्षा दलांची प्रत्यक्ष किती हानी झाली हे सांगता येणे शक्य नाही, अशी नोंद तर खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातच आहे. कॅमेरा दोषी होता. पण तो एकटा दोषी नव्हता. एका आरोपीला शिक्षा करून बाकीच्यांना साक्षीदार बनवणे हा न्याय नव्हे.

कुर्ल्याची बस आणि पवईचा स्टुडिओ

दहशतवादी हल्ला हा ओलीसप्रसंगाचा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार अधिक वेळा संभवतो, आणि त्याचा विचार मात्र फारसा होत नाही. कसली तरी तक्रार मनात धुमसत असलेला, कोणीही ऐकत नाही अशा भावनेने पेटलेला एखादा माणूस निरपराध लोकांना कोंडून ठेवतो आणि ‘आता तरी ऐका’ म्हणून ओरडतो. त्याचे कृत्य निंद्य असते. त्याविषयी तडजोड नाही. परंतु त्याला पैसा नको असतो, सीमेपलीकडचा सूत्रधार नसतो. त्याला श्रोता हवा असतो. अशा माणसाशी गाठ पडते तेव्हा पोलिसांचे पहिले शस्त्र बंदूक नसून संभाषण असते.

२७ ऑक्टोबर २००८ रोजी मुंबईत कुर्ल्याजवळ बेस्टच्या बसमध्ये पाटण्याहून आलेल्या एका तरुणाने गावठी पिस्तूल काढून प्रवाशांना अडकवले. परप्रांतीयांविरुद्धच्या आंदोलनाने वातावरण तापलेले ते दिवस. पोलिसांनी बसला वेढा घातला आणि तरुण गोळ्यांनी ठार झाला. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी पोलिसांच्या कृतीचे ठाम समर्थन केले. गोळीला गोळीनेच उत्तर, हा त्या समर्थनाचा मथितार्थ. त्याला जिवंत पकडता आले असते काय, हा प्रश्न महाराष्ट्रात फार थोड्यांनी विचारला. विचारणारे बहुतेक बिहारचे होते, म्हणून प्रश्नही परप्रांतीय ठरला!

३० ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईतच पवई येथे, अभिनयाच्या चाचणीसाठी बोलावलेल्या सतरा मुलांना पुण्याच्या एका रहिवाशाने स्टुडिओत कोंडले. शासकीय शालेय उपक्रमासाठी केलेल्या कामाचे पैसे थकल्याची त्याची तक्रार होती. आपण अतिरेकी नाही, पैसे मागत नाही, काही लोकांशी बोलून प्रश्न विचारायचे आहेत, असे सांगणारी चित्रफीत त्याने स्वतःच प्रसृत केली. काही वेडेवाकडे पाऊल उचलल्यास आग लावण्याची धमकीही त्यात होती. पोलीस स्नानगृहाच्या वाटेने आत शिरले, गोळी झाडली गेली, तो मरण पावला. सर्व मुले सुखरूप बाहेर आली.

मुले वाचली, याचे श्रेय पोलिसांना मोकळेपणाने दिले पाहिजे. चिमुकल्या जिवांभोवती ज्वालाग्राही पदार्थ असताना बाहेर उभ्या अधिकाऱ्याच्या खांद्यावर केवढे ओझे असते, हे खुर्चीत बसून टीका करणाऱ्याने विसरू नये. परंतु यशस्वी कारवाईनंतर प्रश्न विचारणे म्हणजे यशाला दृष्ट लावणे, ही जी समजूत पसरवली जाते ती घातक आहे. पोलिसी कारवाईत माणूस मेला की त्याची चौकशी कशी व्हावी, याचे सोळा मार्गदर्शक नियम सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी घालून दिले आहेत. तो निकाल महाराष्ट्राविरुद्धच्या, मुंबईतील चकमकींसंबंधीच्या याचिकेतला आहे, हे येथे मुद्दाम नमूद करावे लागते. गुन्हा नोंदवावा, तपास गुन्हे अन्वेषण विभागाने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा, दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी व्हावी, आणि घटनेनंतर लगेच शौर्यपदकांची खैरात होऊ नये, असे ते नियम आहेत. मेलेला माणूस संत होता की गुन्हेगार होता, यावर ते अवलंबून नाहीत. राज्यसंस्थेने झाडलेल्या गोळीचा हिशोब लागला पाहिजे, एवढेच ते सांगतात.

येथे आणखी एक प्रश्न उभा राहतो. म्यूनिकनंतर न्यूयॉर्कच्या पोलिसांनी धडा घेतला आणि हार्वे श्लॉसबर्ग या मानसशास्त्र शिकलेल्या पोलीस अधिकाऱ्याच्या साह्याने ओलीस धरणाऱ्याशी बोलण्याचे शास्त्र उभे केले. जानेवारी १९७३ मध्ये ब्रुकलिनमधील एका दुकानात ओलीस धरले गेले. सुरुवातीच्या चकमकीत एक पोलीस मारला गेला होता; तरीही पोलिसांनी संयम सोडला नाही. सत्तेचाळीस तासांनी ओलीस सुटले आणि बंदूकधारी शरण आले. वेळ जाऊ देणे हा भित्रेपणा नसून ती युक्ती आहे, हे तेथे सिद्ध झाले. महाराष्ट्राने मुंबईवरील हल्ल्यानंतर ‘फोर्स वन’ हे सशस्त्र पथक वर्षभरात उभारले. ते हवेच होते. पण जिल्ह्याजिल्ह्यात संभाषणासाठी तयार केलेले अधिकारी किती, त्यांना शिक्षण कोणी दिले, त्यांचा शब्द वरिष्ठ मानतात काय, याची चर्चा विधिमंडळात किती वेळा झाली? बंदुकीच्या खरेदीत कंत्राट असते. संभाषणाच्या शिक्षणात कोणाचेच कंत्राट नसते. अंदाजपत्रकातील प्राधान्य असे ठरते.

‘वेठीस धरले’ या शब्दाचे राजकारण

आता मावळाकडे वळू. मावळचे पाणी मावळाबाहेर नेण्याचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे टाटांनी पाणी अडवले आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. शेजारच्या मुळशीत १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पुढे पवना नदीवर धरण झाले. त्यात जमिनी गेलेल्यांपैकी अनेकांचे पुनर्वसन दशकानुदशके रखडले. धरणाचे पाणी नदीत सोडायचे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेने ते रावेतच्या बंधाऱ्यातून उचलायचे, अशी रीत होती. वाहत्या नदीवर काठच्या गावांच्या शेतीचा आणि पिण्याच्या पाण्याचा आधार होता. महापालिकेने धरणापासून निगडीपर्यंत सुमारे पस्तीस किलोमीटरची बंद जलवाहिनी आखली, तेव्हा नदी कोरडी पडेल ही काठच्या शेतकऱ्यांची भीती होती. शहराला पाणी नको असे त्यांचे म्हणणे नव्हते. नदीतून न्या, नळातून नेऊ नका, एवढेच ते सांगत होते.

हे म्हणणे कोणी ऐकेना, तेव्हा ते क्रांतिदिनी द्रुतगती मार्गावर आले. ज्या ९ ऑगस्टला १९४२ साली देशाने परकीय सत्तेला ‘चले जाव’ म्हणून बजावले, त्याच दिवशी स्वकीय सत्तेच्या गोळ्यांनी मावळात तीन माणसे पडली. दगडफेक झाली होती, पोलीसही जखमी झाले होते. हे नाकारण्याचे कारण नाही. पण जमाव पांगवताना कमीत कमी बळ वापरावे, हे पोलिसी कायद्याचे मूलतत्त्व दगडाच्या पहिल्या फेकीबरोबर रद्द होत नाही. आंदोलनाचे पुढारीपण तेव्हाच्या विरोधी पक्षांकडे, भाजप-शिवसेनेकडे होते आणि सत्तेवर काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडी होती. म्हणून या प्रश्नाला नंतर निव्वळ निवडणुकीचे मोल आले. मावळात मते मागताना त्या तीन मृत्यूंचा उच्चार होतो, मतमोजणी झाली की तो थांबतो. पुढे सत्ता बदलली, काल रस्त्यावर असलेले मंत्रालयात गेले, आणि ज्या जलवाहिनीपायी ही माणसे मेली तिच्यावरील स्थगिती २०२३ मध्ये राज्य सरकारनेच उठवली. गोळी कोणाची आणि नळ कोणाचा, हे पक्षांच्या नावावर नव्हे तर सत्तेच्या जागेवर ठरते.

परंतु बऊरच्या प्रसंगात भाषेने जे काम केले त्याकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. रस्ता अडवला की सत्ताधारी आणि त्यांची मित्र वृत्तपत्रे एकच वाक्य लिहितात: आंदोलकांनी प्रवाशांना वेठीस धरले. ‘वेठ’ हा शब्द मूळचा कोणाचा? गावच्या पाटलाने, सरदाराने, सरकारी अंमलदाराने ज्याला फुकट राबवले त्या गरिबाचा. मावळच्या कष्टकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या जी वेठ केली, तिचेच नाव आज त्यांच्या सत्याग्रहाला आरोप म्हणून चिकटवले जाते. आणि अलीकडे ‘वेठीस’ हा शब्दही सौम्य वाटू लागला असून ‘शहराला ओलीस धरले’ असे सर्रास लिहिले जाते. संपकरी कामगार प्रवाशांना ओलीस धरतात, परिचारिका रुग्णांना ओलीस धरतात, शेतकरी महामार्गाला ओलीस धरतात!

हा केवळ अलंकार नाही. शब्द बदलला की हत्यार बदलते. कायद्याच्या दृष्टीने ओलीस म्हणजे काय, हे स्पष्ट आहे. माणसाला अडकवून ठेवून, त्याला मारण्याची किंवा इजा करण्याची धमकी देऊन सरकारकडून अथवा अन्य कोणाकडून काही करवून घेणे, हा तो गुन्हा. १९९३ मध्ये भारतीय दंडविधानात ३६४-अ हे कलम त्यासाठी घातले गेले आणि आता ते भारतीय न्याय संहितेच्या १४० व्या कलमात आले आहे. त्याला मृत्युदंडापर्यंतची शिक्षा आहे. रस्ता अडवणाऱ्या शेतकऱ्याने कोणाच्या मानेवर सुरी ठेवलेली नसते. त्याचा गुन्हा, तो गुन्हा मानला तरी, वाहतुकीला अडथळा आणण्याचा आहे. पण एकदा त्याला ‘ओलीस धरणारा’ म्हटले की बाकीचे सारे आपोआप येते: वेढा, निर्वाणीचा इशारा, बंदूक आणि शेवटी कॅमेऱ्याला बंदी. मुंबईच्या हल्लेखोरासाठी आखलेली चौकट नकळत बऊरच्या शेतकऱ्याभोवती बसवली जाते.

म्हणून २०१५ चा नियम शब्दशः वाचणे आणि शब्दशः पाळायला लावणे महत्त्वाचे आहे. तो फक्त दहशतवाद्यांविरुद्धच्या कारवाईपुरता आहे. कुर्ल्याच्या बसला तो लागू झाला नसता, पवईच्या स्टुडिओला लागू नव्हता. आणि रस्त्यावरच्या आंदोलनाला तर तो कोणत्याही अर्थाने लागू होऊ शकत नाही. कोणी ठाणेदार त्या नियमाच्या सावलीत वार्ताहराचा कॅमेरा किंवा कार्यकर्त्याचा मोबाइल हिसकावू लागला, तर तो कायदा पाळत नसून कायदा मोडत आहे, हे त्याला तेथल्या तेथे सांगता आले पाहिजे.

कसोटी एकच

मग कॅमेरा केव्हा झाकावा आणि केव्हा उघडा ठेवावा? कसोटी एकच: ज्याच्या हाती शस्त्र नाही त्याचा जीव कशाने सुरक्षित राहतो? ओलीसप्रसंगी निःशस्त्र माणूस आत असतो आणि पोलिसांची हालचाल फुटली तर त्याचा जीव जातो. तेथे कॅमेऱ्याने थांबावे. आंदोलनात निःशस्त्र माणूस बंदुकीसमोर उभा असतो आणि कोणी पाहत नसेल तर त्याचा जीव जातो. तेथे कॅमेऱ्याने मुळीच थांबू नये. पहिल्या ठिकाणीही ‘थांबावे’ याचा अर्थ प्रक्षेपण थांबावे, चित्रण नव्हे. चित्रण चालू राहावे, ते सुरक्षित ठेवले जावे आणि कारवाई संपताच चौकशी करणाऱ्यांच्या हाती पडावे. ओलिसांच्या जिवासाठी काही तासांचे मौन मागण्याचा पोलिसांना अधिकार आहे. कायमच्या अंधाराचा नाही. पोलीस ठाण्याच्या आतसुद्धा कॅमेरे बसवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला तो याच जाणिवेने.

लोणावळ्याचे उदाहरण घेऊन हे तपासून पाहता येईल. शनिवार-रविवारी पर्यटकांनी तुडुंब भरणारे हे गाव. भाड्याने दिलेले बंगले, घाटात खोळंबलेली वाहने, प्रत्येकाच्या हाती चित्रण करणारा मोबाइल. तेथे उद्या एखाद्या माथेफिरूने कोणाला कोंडले तर काय होईल? लोणावळा आणि कामशेतची ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांकडे. तळेगाव २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे. द्रुतगती मार्गावरची वाहतूक महामार्ग पोलिसांकडे. पहिल्या तासात हुकूम कोणाचा चालेल? बोलणी कोण करील? वार्ताहरांना सामोरे कोण जाईल? आणि केबलचा नियम ज्यांना लागूच नाही अशा शेकडो मोबाइलधारकांना विश्वासात कोण घेईल? कडे कोठवर, हे आधी ठरलेले नसेल आणि दर तासाला खरी माहिती मिळत नसेल, तर लोक पुढे रेटणारच. शिस्त लाठीने येत नाही, विश्वासाने येते. आणि ज्या तालुक्याने बऊर पाहिले आहे, तेथे पोलिसांच्या शब्दावरचा विश्वास आपोआप उगवणार नाही. तो मिळवावा लागेल. बऊरचा हिशोब न देणाऱ्या पोलिसांना उद्याच्या ओलीसप्रसंगी जनतेचे सहकार्य कोणत्या तोंडाने मागता येईल?

जबाबदारी कोणाची

चौकशी आयोग हे आपल्याकडे विस्मृतीचे सरकारी खाते होऊन बसले आहे. बऊरच्या गोळीबारानंतर निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांचा आयोग नेमला गेला. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यानुसार अहवाल आल्यापासून सहा महिन्यांत तो कृतिअहवालासह विधिमंडळासमोर ठेवावा लागतो. पण त्यातील निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नसतात. आयोग नेमला की संतापाला वाट मिळते, अहवाल येईतो संताप थंड होतो. कुर्ल्याच्या बसच्या वेळी गृहखाते ज्या आर. आर. पाटलांकडे होते, मुंबईवरील हल्ल्यानंतर ज्यांना ते सोडावे लागले, तेच बऊरच्या वेळी पुन्हा गृहमंत्री होते. हा एका व्यक्तीचा दोष म्हणून सांगायचा नाही. गोळीबाराची राजकीय जबाबदारी नावाची वस्तूच आपल्या सार्वजनिक जीवनात उरली नाही, याची ही खूण आहे.

समाजवादी चळवळीपाशी या बाबतीत एक कसोटी जुनी आहे, आणि ती स्वतःवर लावलेली आहे. ऑगस्ट १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीनमध्ये पट्टम थाणू पिळ्ळै यांच्या प्रजासमाजवादी सरकारच्या पोलिसांनी आंदोलकांवर गोळीबार केला. पक्षाचे सरचिटणीस डॉ. राममनोहर लोहिया तेव्हा तुरुंगात होते. त्यांनी तेथून आपल्याच पक्षाच्या सरकारचा राजीनामा मागितला. सरकारने तो दिला नाही. त्या वादाने पक्ष पोखरला आणि पुढे दुभंगलाही. लोहियांची घाई झाली असे म्हणणारे तेव्हा होते, आजही सापडतील. परंतु सत्तेवर आपले असोत वा परके, निःशस्त्र माणसावर झाडलेल्या गोळीचा जाब प्रथम सरकारला द्यावा लागतो, हे तत्त्व त्या मागणीने एकदाचे लिहून ठेवले. बऊरच्या मृतांची आठवण विरोधी बाकांवरून करणारे आणि सत्तेच्या बाकांवर विसरणारे सर्व पक्ष या तत्त्वापुढे सारखेच अपराधी आहेत.

तेव्हा कार्यकर्त्यांनी कोणत्या मागण्या लावून धराव्यात, हे स्पष्ट आहे. ओलीसप्रसंगी थेट प्रक्षेपणास बंदी असावी. पण ती लेखी, कालबद्ध आणि नंतर तपासता येण्याजोगी असावी. संभाषणात तयार केलेला अधिकारी प्रत्येक जिल्ह्यात असावा. कोणाचा हुकूम आणि कोणाचे निवेदन, हे हद्दींच्या वादाआधी ठरलेले असावे. पोलिसांच्या गोळीने माणूस मेला की २०१४ चे नियम पाळले जावेत. मेलेला कोण होता, हे पाहून नव्हे. आणि सभा, मोर्चा, संप, रस्ता रोको यांच्या वार्तांकनावर कोणत्याही नावाने पडदा पडू नये.

मागण्यांबरोबर एक कामही आहे. पुढच्या प्रत्येक मोर्चात चित्रण करणारे दोन-तीन कार्यकर्ते आधी नेमावेत. मूळ चित्रफीत कापाकापी न करता जपावी, कोणी, कोठे, किती वाजता चित्रण केले हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्राची जोड अनिवार्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जालन्याच्या निवडणूक खटल्यात २०२० मध्ये सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमातही ती अट कायम आहे. घोषणांनी भरलेली चित्रफीत सायंकाळी हजारोंना पाठवून समाधान मानणारा कार्यकर्ता वर्षभराने आयोगापुढे रिकाम्या हाताने उभा राहतो. वाहिन्यांचे कॅमेरे प्रेक्षक असेपर्यंत थांबतात. कार्यकर्त्याने निकाल लागेपर्यंत थांबायचे असते.

पवना आजही वाहते आहे आणि बंद जलवाहिनीचा वाद मिटलेला नाही. मावळातील माणसे पुन्हा रस्त्यावर येण्याची वेळ आली, तर ती बंदूकधारी म्हणून नव्हे, पाणी मागणारे नागरिक म्हणून येतील. त्या दिवशी त्यांना कोणी ओलीस धरणारे म्हणाले, तर तो शब्द तेथल्या तेथे परत केला पाहिजे. आणि त्या दिवशी कॅमेरे बंद करा असा हुकूम सुटला, तर तो कोणाच्या जिवासाठी सुटला आहे, एवढाच प्रश्न हुकूम देणाऱ्याला मोठ्याने विचारला पाहिजे.